पक्क्या चित्राच्या आधी

जबलपूरच्या गोल बाजारातील शहीद स्मारकाच्या भिंतींवर स्वातंत्र्यलढ्याची जी मोठी चित्रे आहेत, ती पाहताना नजर साहजिकच प्रसंगाच्या भव्यतेकडे आणि ओळखीच्या चेहऱ्यांकडे जाते. एवढ्या मोठ्या भिंतीवर मात्र कोणताही चित्रकार एकदम रंग चढवू लागत नाही. त्याआधी कागदावर माणसे जमवावी लागतात, एकाचे वाकणे, दुसऱ्याचे ओझे पेलणे, तिसऱ्याचे नुसतेच उभे राहणे हे सुटे सुटे काढून पाहावे लागते, आणि मग त्यांतील काहींना भिंतीवर जागा मिळते, काहींना मिळत नाही. तयारीच्या या कागदांना कलाविषयक ग्रंथांत पूर्वरेखाटन म्हणतात. चित्रकार आपसांत त्याला कच्चे काम किंवा खाका म्हणतात. चित्र पुरे झाले की खाक्याचे काम संपते, म्हणून तो गुंडाळून ठेवला जातो, शिष्यांच्या हाती जातो किंवा फाटून नाहीसा होतो, आणि चित्रकलेच्या इतिहासात त्याला स्वतंत्र मान मिळायलाही बराच काळ जावा लागला.

तरीही ज्याला रोजच्या जगण्याचे चित्रण समजून घ्यायचे आहे, त्याला पक्क्या चित्रापेक्षा या कच्च्या कागदापाशी अधिक वेळ थांबावे लागते. पक्क्या चित्रात प्रत्येक माणसाला काही ना काही कामगिरी नेमून दिलेली असते: नोकर मालकाच्या श्रीमंतीची खूण होतो, शेतकरी देशाचे प्रतीक होतो, गर्दी पुढाऱ्याच्या मोठेपणाची साक्ष देते. पूर्वरेखाटनात ही नेमणूक अजून व्हायची असते. तिथे माणूस आपल्या अंगाच्या वजनासह, कपड्याच्या चुण्यांसह, एखाद्या अवघडलेल्या पवित्र्यात एकटाच असतो. ही गोष्ट १८व्या शतकातील व्हेनिसमध्ये जशी दिसते तशीच त्या शतकाच्या अखेरच्या पुण्यातही दिसते, आणि शांतिनिकेतनमार्गे जबलपूरपर्यंतही तिचा माग काढता येतो. मात्र पुण्यापाशी आल्यावर तिला मुरड घालावी लागते, आणि ती मुरडच या विषयातील सर्वांत विचार करण्याजोगी बाब आहे.

इटलीतील चित्रशाळांत पूर्वरेखाटनाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. आधी कल्पना पकडणारे झटपट आराखडे होत, मग समोर माणूस उभा करून एकेका आकृतीचा अभ्यास होई, मग सगळी रचना एका कागदावर आणून तिच्यावर उभ्याआडव्या रेषांच्या चौकटी आखल्या जात, म्हणजे तेवढ्याच संख्येच्या मोठ्या चौकटी भिंतीवर किंवा कापडावर आखून चित्र प्रमाणात वाढवता येई. भिंतीसाठी शेवटी चित्राच्याच आकाराचा मोठा कागद तयार करीत, त्याला कार्टून म्हणत. त्यावरील रेषांवर सुईने बारीक भोके पाडून, कागद भिंतीला लावून, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावरून थोपटली की रेषा ठिपक्यांच्या रूपाने भिंतीवर उतरे. मराठी घरात दारापुढे छिद्रांच्या छापातून रांगोळी उतरवली जाते, तिच्यात हेच तत्त्व आहे. हिंदुस्थानातील लघुचित्रांच्या शाळांतही भोके पाडलेल्या पातळ कातड्याचा किंवा कागदाचा असा साचा पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाई, त्याला चरबा म्हणत. एकाच चरब्यातून अनेक चित्रे निघत, म्हणजे पूर्वरेखाटन हे घराण्याचे भांडवलही होते.

१८व्या शतकात व्हेनिसचे प्रजासत्ताक राजकीयदृष्ट्या उतरणीला लागले होते, पण शहरात नाटके, संगीत, मुखवट्यांचे उत्सव आणि परदेशी प्रवासी यांची रेलचेल होती. मोठी भित्तिचित्रे आणि छतांवरील देवदेवता रंगवण्यात जांबात्तिस्ता टिएपोलो याचा हात धरणारा कोणी नव्हता. पिएत्रो लोंगी याने त्याच वाटेने सुरुवात केली. १७०१ साली एका चांदीकाम करणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मलेल्या लोंगीने १७३४मध्ये सग्रेदो घराण्याच्या वाड्याच्या जिन्यावर दैत्यांच्या पतनाचे अवाढव्य चित्र रंगवले, पण त्या प्रकारात त्याचा जम बसला नाही. बोलोन्यात जुसेप्पे मारिया क्रेस्पी या चित्रकाराच्या सहवासात त्याने साध्या माणसांची साधी कामे रंगवण्याची दृष्टी घेतली होती. ती घेऊन तो लहान आकाराच्या चित्रांकडे वळला. घरातली नृत्याची शिकवणी, न्हाव्याकडून केस विंचरून घेणारी बाई, धुणे धुणाऱ्या स्त्रिया, मक्याच्या पिठाचा घाटा थाळीत ओतणाऱ्या मुली, रस्त्यावर तळणीचे गोड पदार्थ विकणारी, दात काढणारा वैदू, असे त्याचे विषय होते. नाटककार गोल्दोनी हाही त्याच काळात रंगभूमीवर व्हेनिसच्या घराघरांतले बोलणे आणत होता, आणि त्याने लोंगीची जाहीर वाखाणणी केली होती.

लोंगीच्या पूर्वरेखाटनांचा मोठा संच, शंभराहून अधिक कागद, व्हेनिसच्या कोर्रेर संग्रहालयात आहे. शहरातील एक सरदार तेओदोरो कोर्रेर याने आयुष्यभर चित्रे, नाणी, पुस्तके आणि अशी कच्ची कागदपत्रे जमवली आणि १८३०मध्ये त्याच्या मृत्यूनंतर हा सगळा संग्रह शहराला मिळाला, म्हणून हे कागद टिकले. त्यांची साधने अगदी मोजकी आहेत: खाणीतून निघणारा नैसर्गिक काळा खडू, उजेडासाठी पांढरा खडू, आणि करडा किंवा तपकिरी झाक असलेला कागद. अशा मध्यम रंगाच्या कागदावर काढण्याची व्हेनिसची रीत जुनी होती. निळ्या चिंध्या कुटून केलेला निळसर कागद तर या शहराच्या रेखाटनांची ओळखच बनला होता. कागदाचा रंग मधली छटा पुरवतो, काळा खडू सावली देतो आणि पांढरा खडू प्रकाश, त्यामुळे थोड्या रेषांत अंगाला गोलाई येते.

या कागदांवर बहुधा खोली नसते, भिंत नसते, मालक नसतो. तबक धरण्यासाठी पुढे झालेले हात असतात, खुर्चीत बसल्यामुळे गुडघ्यावर ताणलेले कापड असते, एका पायावर भार टाकून उभा असलेला पोऱ्या असतो. एकाच कागदावर तोच हात दोनतीनदा काढलेला दिसतो, कारण पहिल्यांदा मनगट मनासारखे वळलेले नसते. काही कागदांच्या दोन्ही बाजू वापरलेल्या आहेत, कारण कागद महाग होता. पक्क्या चित्रात मात्र हाच पोऱ्या दाराशी, अर्ध्या अंधारात उभा राहतो, आणि प्रकाश मधल्या उमरावाच्या रेशमी अंगरख्यावर पडतो. चित्रकाराने रेखाटनात त्याच्याकडे जेवढे लक्ष दिले होते तेवढे चित्रात देणे त्याला परवडणारे नव्हते, कारण चित्राचे पैसे उमराव देत होता.

यावरून लोंगी हा गरिबांचा कैवारी होता असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. समोरच्या माणसाकडे टक लावून पाहणे ही खडूने काम करणाऱ्याची व्यावसायिक गरज असते. चुण्या चुकल्या तर चित्र चुकते, मग त्या चुण्या सरदाराच्या असोत वा स्वयंपाकिणीच्या. शिवाय एकदा नीट साधलेला पवित्रा चित्रशाळेत पुन्हा पुन्हा उपयोगी पडतो, एका चित्रातला चाकर दुसऱ्या चित्रात दुसऱ्या घरी कामाला लागतो. समान लक्ष देणे हे येथे चित्रकाराच्या मतातून आलेले नाही, ते कामाच्या पद्धतीतून आलेले आहे, आणि म्हणूनच ते अधिक विश्वासार्ह वाटते. मत बदलते, लोकांना आवडावे म्हणून सजवलेही जाते, परंतु मनगट बरोबर वळले आहे की नाही हे तपासणाऱ्या हाताला सजावटीची सोय नसते.

रस्त्यावरच्या धंद्यांची चित्रे काढण्याची परंपरा इटलीत आधीपासून होती. बोलोन्याचा आन्निबाले कार्रात्ची याने शहरातील फेरीवाल्यांची आणि कारागिरांची रेखाटने केली होती, आणि त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने, १६४६मध्ये, त्यांवरून कोरलेले ठसे प्रसिद्ध झाले. लोंगीचाच समकालीन गाएतानो झोंपिनी याने व्हेनिसच्या गल्ल्यांतून आणि कालव्यांवरून फिरणाऱ्या धंदेवाल्यांची ६० चित्रे तांब्याच्या पत्र्यांवर अम्लाने कोरून १७५३मध्ये पुस्तकरूपाने काढली. अशा ठशाच्या कामात पूर्वरेखाटनाची एक खास अडचण असते: पत्र्यावर जे कोरले जाते ते कागदावर उलटे उमटते, त्यामुळे रेखाटनात उजव्या हाताने काम करणारा कारागीर छापील चित्रात डावखुरा होतो, आणि हे टाळायचे असेल तर चित्रकाराला आधीच सगळे उलटे योजावे लागते. रेखाटन पत्र्यावर उतरवण्यासाठी कागदाच्या मागे खडू घासून पुढच्या रेषांवरून टोकदार सळई फिरवतात, आणि त्या सळईच्या चऱ्या अशा कागदांवर बोटाला जाणवतात. ज्या कागदातून प्रती निघाल्या, त्याच्या अंगावर त्या प्रतींचे ओरखडे राहिले.

शतकाच्या अखेरीस या कच्च्या कागदाची प्रतिष्ठा बदलू लागली होती. जांबात्तिस्ताचा मुलगा जानदोमेनिको टिएपोलो याने उतारवयात, १७९७मध्ये नेपोलियनपुढे व्हेनिसचे प्रजासत्ताक कोसळल्यानंतरच्या वर्षांत, पुल्चिनेल्ला या लोकनाट्यातील विदूषकाच्या आयुष्यावर १०४ रेखाटने केली. त्यांत तो जन्मतो, शाळेत जातो, निरनिराळे धंदे करतो, तुरुंगात जातो आणि मरतो. ही रेखाटने कोणत्याही भिंतीची किंवा ठशाची तयारी नव्हती, ती स्वतःच पुरी होती. रोजचे जगणे सांगायला यापुढे मोठ्या चित्राचा आधार लागेलच असे नाही, हे एका मोठ्या चित्रकार घराण्यातील शेवटच्या माणसाने असे दाखवून दिले.

लोंगीच्या चित्रांपैकी हिंदुस्थानशी थेट संबंध असलेले एक चित्र आहे. १७५१च्या उत्सवात व्हेनिसमध्ये क्लारा नावाची गेंड्याची मादी दाखवण्यासाठी आणली होती. आसामकडून लहान असताना पकडलेले हे जनावर बंगालमधील डच कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या घरी वाढले, पुढे डौवे माउट फान डर मेर या कप्तानाने ते १७४१मध्ये हॉलंडला नेले, आणि मग सतरा वर्षे, १७५८मध्ये लंडनला ते मरेपर्यंत, युरोपभर त्याचे खेळ केले. जोव्हानी ग्रिमानी या सरदाराच्या सांगण्यावरून लोंगीने ते रंगवले. चित्रात मागे मुखवटे घातलेले प्रेक्षक बसले आहेत, एक जण हातात चाबूक आणि गळून पडलेले शिंग उंच धरून आहे, आणि पुढे गेंडा कोणाकडेही न बघता वाळलेले गवत खातो आहे. हे गेंड्याचे खरे चित्र आहे अशी नोंद असलेला कागदही चित्रातच रंगवलेला आहे. खरेपणाची ग्वाही अशी चित्राच्या आत लिहावी लागते, यातच पक्क्या चित्राची अडचण दिसते.

यानंतर चाळीस वर्षांच्या आत पुण्यातही एका चित्रकाराने गेंडा काढला. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट याने नोव्हेंबर १७९०मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र केले, आणि ते आज अमेरिकेत न्यू हेवन येथे येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहे. शिकारखाना म्हणजे पाळलेल्या वन्य जनावरांची ठेवण्याची जागा. तेथील सिंह आणि इतर जनावरेही गंगारामाने काढली, वेरूळच्या लेण्यांची मापे घेऊन रेखाटने केली, आखाड्यात मेहनत करणारे मल्ल काढले. सवाई माधवरावांच्या या काळात जबलपूरही मराठी राज्याच्या कक्षेत आलेले होते. १७८१मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांकडे गेले होते, आणि १७९८मध्ये नर्मदेचे खोरे नागपूरच्या भोसल्यांकडे जायचे होते. नर्मदाकाठी मराठी कारकून, शिपाई आणि भिक्षुक घरे थाटत असताना मुळा-मुठेच्या काठी एक तांबट नव्या पद्धतीने रेघ ओढायला शिकत होता.

ही पद्धत त्याच्याकडे ज्या वाटेने आली, त्या वाटेवरच वर सांगितलेली मुरड आहे. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे कायमचा वकील, चार्ल्स मॅलेट याने गंगारामाकडून ही चित्रे करवून घेतली. १७९१मध्ये मुंबईत उतरलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुढच्या वर्षी पुण्यात आला, आणि मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तिथे गंगाराम वेल्सचा सहायक व शिष्य झाला. वेल्सने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे केली, लेण्यांची रेखाटने जमवली, पण १७९५मध्ये तो वारला. त्याची कागदपत्रे विलायतेला गेली. १८०३मध्ये थॉमस डॅनियल याने वेरूळच्या लेण्यांचा २४ ठशांचा संच काढला, तो वेल्सच्या रेखाटनांवरून. १८०५मध्ये त्याच डॅनियलने, १७९० साली टिपूविरुद्ध पेशव्यांशी झालेल्या तहाच्या दरबाराचे भव्य तैलचित्र पुरे केले, तेही वेल्सने जमवलेल्या पूर्वरेखाटनांच्या आधारे. तहाच्या वेळी डॅनियल पुण्यात नव्हता, आणि वेल्सने तर तेव्हा हिंदुस्थानात पाऊलही टाकलेले नव्हते. त्या चित्रातील मराठी दरबार हा असा कच्च्या कागदांवरून लंडनमध्ये जोडलेला दरबार आहे.

व्हेनिसमध्ये पूर्वरेखाटन आणि पक्के चित्र यांच्यामध्ये एकाच चित्रकाराचा हात होता. पुण्यात त्या दोहोंमध्ये समुद्र आला. गंगारामाचे कागद मॅलेटला माहितीसाठी हवे होते: पेशव्यांकडे कोणती जनावरे आहेत, लेण्यांत किती खांब आहेत, मल्ल कोणती मेहनत करतात. येथे कच्चेपणा कागदापुरता राहत नाही, कागद काढणारा माणूसच दुसऱ्याच्या पक्क्या कामाची तयारी होऊन जातो. रेखाटनात माणूस नेमणुकीविना असतो, हे व्हेनिसच्या आधारे केलेले विधान पुण्याच्या बाबतीत अर्धेच खरे उरते. आखाड्यातील मल्ल अजून कोणाचे प्रतीक झालेला नाही हे खरे, पण तो रेसिडेंटच्या दप्तरातील नोंद झालेला आहे.

उरलेले अर्धे सत्य मात्र सोडून देण्यासारखे नाही. माहितीसाठी काढलेल्या चित्रातही हात आपले काम करीतच असतो. तांबटाच्या धंद्यात पत्रा ठोकून भांड्याला पोट आणि गळा देताना आकाराच्या बाहेरच्या रेषेवर सगळी भिस्त असते, आणि त्या घराण्यातून आलेल्या माणसाने जनावराचे किंवा माणसाचे अंग कागदावर आणताना ती सवय उपयोगी पडली असणार, असे मानण्यास हरकत नाही. त्याला सावलीची विलायती रीत शिकवली गेली, पण कोणत्या मल्लाचा दंड कसा भरतो हे त्याला शिकवावे लागले नसावे. ते पुण्याच्या पेठांत वाढलेल्या डोळ्याने पाहिलेले होते. म्हणूनच डॅनियलच्या दरबारातील ओळीने बसलेल्या मानकऱ्यांपेक्षा गंगारामाचे मल्ल मराठी पाहणाऱ्याला जवळचे वाटतात.

इटलीची ही तयारीची विद्या जबलपूरला पोचली ती पुण्यावरून नव्हे, अजिंठ्यावरून. १४००च्या सुमारास चेन्नीनो चेन्नीनी या चित्रकाराने रंग कसे घोटावेत, ओल्या चुन्यावर कसे रंगवावे, आधी कसे रेखाटावे याविषयी एक ग्रंथ लिहिला होता. त्याचे इंग्रजी भाषांतर १८९९मध्ये क्रिस्तियाना हेरिंगहॅम या बाईंनी केले, आणि त्याच बाई १९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी आल्या. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून जे तरुण चित्रकार आले, त्यांत नंदलाल बोस होते. अजिंठ्याच्या कोरड्या गिलाव्यावर चित्रकारांनी आधी गेरूसारख्या लाल मातीने आकृत्यांच्या बाहेरच्या रेषा आखल्या होत्या आणि जिथे रंग उडाला आहे तिथे त्या उघड्या पडल्या आहेत. इटलीतही ओल्या चुन्याच्या शेवटच्या थराखाली लाल मातीनेच रेखाटन करीत, त्याला सिनोपिया म्हणतात. पिसा येथील प्राचीन दफनभूमीच्या इमारतीला १९४४मध्ये युद्धात आग लागली, तिथली भित्तिचित्रे सोडवून काढावी लागली, तेव्हा त्यांच्याखाली ही लाल रेखाटने सापडली आणि त्यांच्यासाठी पुढे स्वतंत्र संग्रहालय झाले. एकमेकांना न ओळखणाऱ्या कारागिरांनी शतकांच्या अंतराने भिंतीवर पहिली रेघ लाल मातीने ओढावी, यात गूढ काही नाही. लाल माती स्वस्त असते, चुन्यात टिकते आणि वरून दिलेल्या रंगाला बाधत नाही.

नंदलालांनी शांतिनिकेतनात कलाभवनाचे काम हाती घेतल्यावर शिष्यांना रोज समोरचे पाहून रेखाटण्याची सवय लावली. ते स्वतः लहानशा कार्डांवर वाटेत दिसलेली माणसे, जनावरे, झाडे काढीत आणि अशी कार्डे शिष्यांना व स्नेह्यांना पाठवीत. १९३८मध्ये गुजरातेतील हरिपुरा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी मंडपासाठी जी चित्रे केली, त्यांच्या आधी त्यांनी आसपासच्या गावकऱ्यांचे शाई-कुंचल्याने अभ्यास केले होते. त्या अभ्यासांतून शेतकरी, ढोल वाजवणारा, कापूस पिंजणारा, शिंपी अशी माणसे ठसठशीत रंगांत मंडपावर आली. येथे पूर्वरेखाटन आणि पक्के चित्र यांतील अंतर नंदलालांनी मुद्दाम कमी ठेवले आहे. पक्क्या चित्रातही रेघ झपाट्याने ओढलेली आहे, मागे दरबार नाही, मध्ये पुढारी नाही. लोंगीच्या चित्रातील दाराशी उभा पोऱ्या येथे चौकटीच्या मधोमध येतो, आणि ज्या राष्ट्रीय प्रसंगासाठी ही चित्रे झाली त्या प्रसंगाचा नायक चित्रात कुठेच नसतो.

पुढच्याच वर्षी, मार्च १९३९मध्ये, काँग्रेसचे अधिवेशन जबलपूरजवळ त्रिपुरी येथे भरले. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने आजारी होते, त्यांना खाटल्यावरून मंडपात आणावे लागले. ५२ हत्तींच्या मिरवणुकीत रथावर त्यांच्याऐवजी त्यांची तसबीर ठेवली गेली. हरिपुऱ्याच्या मंडपातील शिंपी आणि त्रिपुरीच्या रथावरील तसबीर ही एका वर्षाच्या अंतराने आलेली दोन चित्रे राष्ट्र स्वतःला कोणत्या दोन तऱ्हांनी पाहत होते ते सांगतात, आणि या दोन्ही तऱ्हा पुढे जबलपूरच्या एकाच चित्रकाराच्या वाट्याला आल्या.

तो चित्रकार म्हणजे ब्योहार राममनोहर सिन्हा. जबलपूरच्या एका जुन्या घराण्यात १९२९मध्ये जन्मलेले सिन्हा शांतिनिकेतनात नंदलालांचे शिष्य होते. भारतीय संविधानाच्या हस्तलिखित प्रतीतील उद्देशिकेच्या पानाची नक्षी त्यांच्या हातची आहे आणि तिथे देवनागरीत ‘राम’ अशी त्यांची छोटी सही आहे. गोल बाजारातील शहीद स्मारकाची भित्तिचित्रे त्यांनी आणि शांतिनिकेतनच्या परंपरेतील सहकाऱ्यांनी केली. स्मारकाचा विषय ठरलेला असतो, तिथे हुतात्म्याला मधली जागा द्यावीच लागते, आणि गर्दीला गर्दीच राहावे लागते. परंतु ज्या शिक्षणातून हे चित्रकार आले होते त्यात गर्दी असा काही आकार शिकवला जात नव्हता. डोईवर भारा घेतलेली एक बाई, धोतराचा काचा मारलेला एक गडी, कडेवर मूल असलेली दुसरी बाई, असे एकेक माणूस काढायला शिकवले जात होते. भिंतीवरची गर्दी ही अशा एकेकट्या अभ्यासांची बेरीज असते, आणि मागच्या रांगेतील एखादी मान खरी वाटते ती केव्हातरी एखाद्या खऱ्या मानेकडे बराच वेळ पाहिले गेले होते म्हणून.

जबलपूरच्या मराठी वाचकाला या सगळ्यातून चित्र पाहण्याची एक वेगळी रीत मिळते. चित्र काय सांगते हे मध्यभाग सांगतो, आणि ते समजायला वेळ लागत नाही. चित्रकाराने काय पाहिले हे मात्र कडेच्या माणसांत शोधावे लागते, कारण मध्यभागावर आश्रयदात्याचा, सभेचा किंवा स्मारक समितीचा हक्क असतो आणि कडांवर तो सैल पडतो. या रीतीने पाहिले तर लोंगीच्या दाराशी उभा असलेला चाकर, गंगारामाचा मल्ल आणि स्मारकाच्या भिंतीवरील मागच्या रांगेतील बाई ही एकाच तऱ्हेने मिळालेली माणसे ठरतात, मग त्यांना पुढे कोणी कोणत्याही कामाला लावलेले असो.

या रीतीला पुरावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे तयारीचे कागद. लोंगीचे कागद एका हौशी सरदाराने जमवले म्हणून राहिले, गंगारामाचे एका परक्या वकिलाने माहिती म्हणून दप्तरात ठेवले म्हणून राहिले. दोन्ही ठिकाणी ते कलाकृती आहेत म्हणून कोणी जपले नाहीत. मराठी मुलखात आणि मराठी वस्तीच्या गावांत चित्रकार गेल्यावर चौकटीतली चित्रे वाटून घेतली जातात आणि वह्या, कार्डे, चौकटी आखलेले कागद रद्दीत जातात, कारण त्यांत पुरे झालेले काही नसते. संग्रहालयांनी आणि घरांनी आपला हिशेब येथे बदलायला हवा. चौकटीतले चित्र गेले तर एक चित्र जाते, आणि त्याचे छायाचित्र बहुधा मागे उरते. वही गेली तर ज्या माणसांचे नाव कोणत्याही दप्तरात नाही, त्यांच्याकडे कोणीतरी नीट पाहिल्याचा एकमेव दाखला जातो, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नसते.